बफरमध्ये सगळेच सेन्सर चालतात

चि. मन्या,

अनेक आशीर्वाद.

पीएचडीला बायोसेन्सर घेऊ की बॅटरीवाल्या ग्रुपमध्ये जाऊ, हे तू फोनवर विचारलंस आणि तेवढ्यात तुझ्या बाबांनी मॅचचा स्कोअर विचारला. तेव्हा लिहूनच पाठवते.

गाइडांनी दिलेला प्रस्ताव पाहिला. एन्झाइमच्या मदतीने कीटकनाशक मोजणारा सेन्सर: ग्राफीन, त्यावर सोन्याचे नॅनोकण, त्यावर एन्झाइम, आणि डिटेक्शन लिमिट (कमीत कमी किती ओळखता येईल ते) फेम्टोमोलर, म्हणजे नगण्याहून नगण्य. आकडा छान आहे. मी मात्र सवयीने आधी शोधलं ते मोजणार कशात. सगळं फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या स्वच्छ द्रावणात. शेवटी एका ओळीत ‘प्रत्यक्ष नमुना’ म्हणून नळाचं पाणी, तेही वरून कीटकनाशक घालून. अरे, बफरमध्ये सगळेच सेन्सर चालतात. माझी नोकरीची सगळी वर्षं गेली ती बफरमधून द्राक्षाच्या रसात उतरण्यात, म्हणून बोलते.

या विषयाची सुरुवातच मुळी घाणेरड्या नमुन्यापासून झाली. लेलँड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा होता. उघड्या प्लॅटिनमवर रक्तातले घटक चिकटायचे आणि वाचन बिघडायचं. त्याने इलेक्ट्रोड आणि रक्त यांच्यामध्ये पॉलिथिनचा पातळ पडदा ताणला. ऑक्सिजन आरपार जातो, प्रथिनं बाहेरच अडतात. तो इलेक्ट्रोड १९५६ साली प्रसिद्ध झाला. १९६२ मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी त्यात ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम बसवायची कल्पना मांडली: साखर असेल तर एन्झाइम ऑक्सिजन खाणार, आणि जेवढा ऑक्सिजन कमी तेवढी साखर जास्त. यावर चालणारं यंत्र बाजारात यायला १९७५ उजाडलं. पुढे १९८४ मध्ये ऑक्सफर्ड आणि क्रॅनफील्डच्या मंडळींनी ऑक्सिजनऐवजी इलेक्ट्रॉन वाहून नेणारं फेरोसीन वापरलं, आणि तीन वर्षांनी पेनाएवढा ग्लुकोमीटर आला. अ‍ॅडम हेलर या रसायनशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये मुलाबरोबर कंपनी काढली आणि रक्ताचा थेंब ०.३ मायक्रोलिटरवर आणला. (मुलाबरोबर, बरं का. मी वाट बघतेय.)

आजी रोज सकाळी चहाआधी बोट टोचते, ती स्ट्रिप या सगळ्याचं फळ. पण तिच्यावरून बाकीच्या सेन्सरांचा अंदाज बांधू नकोस. ग्लुकोज ऑक्सिडेज फार चिवट एन्झाइम आहे. रक्तातली साखर उपाशीपोटीसुद्धा लिटरमागे ९०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे भरपूर. आणि गिऱ्हाईक रोज, जन्मभर मोजतं. मला शोधायची होती द्राक्षांवरची कीटकनाशकं. युरोपात ज्यांना वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्यांना किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. साखरेच्या तुलनेत जवळजवळ लाखपट कमी.

माझं एन्झाइम अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज, विजेच्या ईल माशातून काढलेलं. ते उणे वीसला ठेवायचं. लोडशेडिंगच्या काळात मी ते थर्मासमध्ये बर्फात घालून घरी आणायचे आणि आपल्या फ्रीजरमध्ये आइस्क्रीमशेजारी ठेवायचे, हे तुला आठवत असेल. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक या एन्झाइमच्या सक्रिय जागी असलेल्या सेरीनला जाऊन चिकटतं आणि काम बंद पाडतं. किडीच्या शरीरात हेच होतं, आणि फवारणी करताना विषबाधा झालेल्या माणसाच्याही. म्हणून तर डॉक्टर रक्तातलं कोलिनेस्टरेज तपासतात. सेन्सरमध्ये आपण एन्झाइमला अ‍ॅसिटिलथायोकोलिन खायला देतो, त्यातून थायोकोलिन सुटतं, त्याचा विद्युतप्रवाह मोजतो. रस लावल्यावर प्रवाह जितका घटला तितकं विष, असा हिशोब.

आता हाच हिशोब द्राक्षाच्या रसात कर. रसाचा पीएच साडेतीनच्या आसपास, आणि एन्झाइमला हवा आठ. साध्या कार्बन इलेक्ट्रोडवर थायोकोलिनचं ऑक्सिडीकरण करायला ०.७ व्होल्टच्या आसपास लागतात. तेवढ्यावर रसातलं क जीवनसत्त्व आणि पॉलिफेनॉलही इलेक्ट्रॉन देऊन मोकळी होतात. प्रवाह कोणाचा, कळत नाही. कोबाल्ट थॅलोसायनिन हा उत्प्रेरक मिसळून व्होल्टेज ०.१ च्या जवळ आणलं तेव्हा जरा श्वास घेता आला. रस पातळ केला तर त्रास कमी, पण विषही पातळ. शिवाय क्लोरपायरीफॉससारखी द्रव्यं मूळ रूपात एन्झाइमला फारशी दाबतच नाहीत. किडीच्या शरीरात त्यांचं ऑक्सिडीकरण होऊन ऑक्सॉन हे रूप होतं, तेव्हा ती जहरी होतात. म्हणजे मोजण्याआधी आपणच त्यांचं ऑक्सिडीकरण करायचं, आणि उरलेलं ऑक्सिडीकारक एन्झाइमला लागू नये म्हणून तेही मारायचं. यातली एकही भानगड बफरमध्ये दिसत नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट कोणती होती सांगू? ब्लँक. तुलनेसाठी अजिबात फवारणी न झालेली द्राक्षं. निफाडच्या पट्ट्यात ती मिळणार कुठे? शेवटी मामाने घरामागची एक वेल माझ्यासाठी सोडली. औषध नाही, संजीवक (वाढीवर परिणाम करणारं द्रव्य) नाही, काही नाही. दिवाळीनंतर ढगाळ हवा पडली आणि भुरीने वेल पांढरीफटक झाली. घड धरले ते वाटाण्याएवढे, तडकलेले. मामा म्हणाला, “ताई, तुझ्या परीक्षेत माझी वेल नापास झाली.” मी ते घड पिशवीत भरून नेले, आणि त्यांच्या रसानेही एन्झाइम थोडं दबलंच. फवारणीशिवाय! रसातल्या पॉलिफेनॉलांचा प्रताप. त्या चिमूटभर द्राक्षांनी मला जे शिकवलं ते माझ्या सगळ्यात जास्त उद्धृत झालेल्या पेपरात नाही. असल्या गोष्टी छापायला कोणी फार उत्सुक नसतं.

आणि मग २०१० आलं. युरोपने आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड पकडलं, कंटेनर अडकले, बागाईतदारांचं कंबरडं मोडलं. लोक मला विचारायचे, मॅडम, तुमच्या सेन्सरने हे आधी कळलं असतं का? नसतं. ते संजीवक आहे, ऑर्गॅनोफॉस्फेटही नाही आणि कार्बामेटही (हे एन्झाइम दाबणारा कीटकनाशकांचा दुसरा गट) नाही. माझ्या एन्झाइमच्या लेखी ते रसात नव्हतंच. पुण्याजवळ मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथली एलसी-एमएसएमएस यंत्रं (द्रव्यं वेगळी करून रेणूंच्या वस्तुमानावरून ओळखणारी) एका नमुन्यात ढीगभर द्रव्यं नावानिशी ओळखतात. माझा सेन्सर फार तर सांगणार की काहीतरी दाबतंय. कोण, ते नाही. त्याचं काम न्याय करायचं नाही, चाळायचं. तैवानात भाजीच्या तपासणीत एन्झाइमची झटपट चाचणी १९८० च्या दशकापासून याच कामाला आहे: संशयित माल बाजूला काढा, मोठ्या यंत्राकडे तेवढाच पाठवा. हे काम मला कधीच कमी दर्जाचं वाटलं नाही. परिषदांत मात्र फेम्टोमोलरवाल्यांना टाळ्या जास्त पडतात, हेही पाहिलंय.

बॅटरीवाल्यांबद्दल मला कळत नाही, त्यामुळे मत नाही. बायोसेन्सर घेणार असशील तर गाइडांना भेटून विचार, जरा नम्रपणे: नमुना खरा कुठून येणार? पहिल्या वर्षी येणार की शेवटच्या? इलेक्ट्रोड महिनाभर ठेवून परत मोजू द्याल का? एकाच घाण्यातल्या दहा इलेक्ट्रोडांचे आकडे एकमेकांशी जुळतात का, ते त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याला कँटीनमध्ये विचार, गाइडांना नको. एन्झाइम कोण मागवतं आणि यायला किती आठवडे लागतात, ते मात्र गाइडांनाच विचार. त्यावर सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या तर समजून जा. उत्साहाने उठून फ्रीज उघडून दाखवला तर ग्राफीन-सोनं काय हवं ते लावू देत, खुशाल जा.

माझ्या जुन्या वह्यांतली ऑक्सॉनची आणि ब्लँकची पानं फोटो काढून पाठवते. एन्झाइमचा नवा लॉट आला की प्रत्येक वेळी एलमनच्या पद्धतीने, ४१२ नॅनोमीटरला पिवळा रंग मोजून, त्याची ताकद बघायची. बाटलीवर लिहिलेल्या युनिटांवर मी कधी विसंबले नाही, तूही विसंबू नकोस. अक्षर लागलं नाही तर फोन कर, पण मॅच नसेल तेव्हा.

तुझी,
आई