शालू, मुक्ताला उत्तर सांगू नकोस

सांगली
रविवार, दुपार

प्रिय शालू,

इतके महिने माझी एक ओळ नाही, तेव्हा आधी मनातल्या मनात मला काय बोलायचं ते बोलून घे. तब्येत बरी आहे. बीपीची गोळी चालू, डोळ्यांचं पुढच्या महिन्यात बघू. झालं.

पत्राला कारण मुक्ता. परवा तिचा फोन. ‘मावशी, मला क्रिप्टिक क्रॉसवर्ड सोडवायला शिकव. आईला क्लू वाचून दाखवला की ती भाजी निवडता निवडता उत्तर सांगते आणि वर विचारते, एवढंही सुचू नये?’ शालू, हे मी तुझ्याशिवाय कुणाला सांगू? मेसमध्ये आमटी येईपर्यंत तू अर्धी चौकट तोंडी भरायचीस आणि निमा पेन्सिल आपटून उठून जायची. ती पुन्हा कधी कोड्याला बसली नाही. मुक्ताचं तसं होऊ नये, ही एकच काळजी मला लागली आहे, आणि ती फोनवर संपणारी नाही.

तिने क्लू वाचून दाखवला की तू फक्त एक विचार: ‘यात अर्थ कुठला?’ क्लूचा एक भाग उत्तराचा सरळ अर्थ सांगतो, उरलेला भाग तोच शब्द फोडून दाखवतो. अर्थ अगदी सुरुवातीला असतो किंवा अगदी शेवटी, मधे कधी नसतो. शिकणारी मुलं वाक्य वाचतात, त्यातलं चित्र डोळ्यांपुढे आणतात आणि चित्रातच अडकून बसतात. मुक्ता हुशार आहे, वाचन भरपूर आहे, म्हणून ती जास्तच अडकणार. तिला पहिले काही दिवस उत्तर शोधायलाच लावू नकोस. अर्थ कुठे संपतो आणि फोड कुठे सुरू होते, तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारायला सांग. रेघ चुकली तर सांग चुकली म्हणून. शब्द सांगू नकोस.

सुरुवात मी तिला मराठीतून करून देणार आहे. हो, मला माहीत आहे तू काय म्हणशील. ‘मराठीत क्रिप्टिक होऊच शकत नाही’ हे तुझं वाक्य मी अजून विसरलेले नाही. तू ‘केशवं पतितं दृष्ट्वा’ तोंडपाठ म्हणायचीस आणि हेही म्हणायचीस! वरवर केशव पडलेला पाहून द्रोण हरखतो आणि कौरव रडतात, पण ‘के शवं’ असं फोडलं की पाण्यातलं प्रेत, द्रोण म्हणजे डोमकावळा, कौरव म्हणजे कोल्हे. वाक्याचा वरचा अर्थ एक, फोडीचा दुसरा. इंग्रज तरी वेगळं काय करतात?

हे बघ: ‘पालीच्या पोटात इंग्रजी चहा, गावचा प्रमुख (३)’. कंसातला आकडा उत्तराच्या अक्षरांचा. अर्थ शेवटी, गावचा प्रमुख. पाल घे, तिच्या पोटात टी घाल: पाटील. किंवा ‘बिनडोक वानर म्हणजे पुरुष (२)’. वानराचं पहिलं अक्षर उडव, नर उरला. (हा प्रकाशरावांना दाखव, खूश होतील.) ‘एक मलमल, आत फूल (३)’ यात तर उत्तर लिहूनच ठेवलंय, दोन शब्दांच्या सांध्यावर: कमल. ‘देवाने दिलेला नवरा (२)’ यात फोड नाहीच, दोन्ही टोकांना दोन अर्थ: वर. मुक्ताला या चार तऱ्हा आधी ओळखू देत.

इंग्रजीत लहान तुकड्यांची एक यादी पाठ असावी लागते. नाविक म्हटला की ए-बी किंवा टी-ए-आर, डॉक्टर म्हटला की डी-आर किंवा एम-ओ, राणी म्हणजे ई-आर. ही यादी नसेल तर माणूस पहिल्या आठवड्यातच हात टेकतो, आणि तिथे त्याचं डोकं कमी पडलेलं नसतं. मराठीत ती यादी मुक्ताला आधीच येते. सात स्वर घे: सा, रे, ग, म, प, ध, नी. मग का, की, ये, जा, घे, दे, मी, तू, ती. चांगल्याला सु, वाइटाला कु, पृथ्वीला भू, लक्ष्मीला श्री, आकाशाला ख. एवढ्यावर पुष्कळ भागतं. ‘पंचम थंड! महिनाअखेर मिळतो तो (३)’: प आणि गार, पगार.

आता एक जरा कठीण. ‘कशाला? फिरा! पिंडाला शिवणारा (३)’. ‘फिरा’ दिसलं की सवय झालेला माणूस लगेच काहीतरी उलटं करायला जातो. इथे फिरा म्हणजे वळा, आणि कशाला म्हणजे का: कावळा. खुणेचा शब्द खूण म्हणूनच आला असेल असं नाही, तो स्वतःच मालमसाला असू शकतो. हे कळायला वेळ लागतो आणि तो लागू द्यावा. तिथेच तर खरी गंमत आहे, शालू, आणि नेमक्या तिथेच तू उत्तर सांगून टाकतेस.

अक्षरं ढवळायचा प्रकार, म्हणजे ॲनाग्राम, मराठीत दुबळा पडतो हे तुझं म्हणणं मात्र बरोबर होतं. इंग्रजीत आठ वेगवेगळी अक्षरं ४०,३२० प्रकारे मांडता येतात. आपल्याकडे एका घरात कानामात्रेसकट पूर्ण अक्षर, जोडाक्षरालाही एकच घर, पुस्तक म्हणजे पु-स्त-क. शब्द तीन-चार अक्षरांचे. तीन अक्षरांच्या मांडण्या ६, चारांच्या २४. ‘विस्कटलेलं सकळ मंदिराच्या माथ्यावर (३)’ हा कळस कुणीही बसल्या बसल्या काढेल. म्हणून तू कानामात्रा सुट्या करून ढवळू द्या म्हणायचीस. माझा विरोध तेव्हाही होता, आजही आहे. सोडवणाऱ्याला ‘का’ दिसतो, क आणि काना असे दोन तुकडे दिसत नाहीत. कानामात्रा सुटी केली की कुठल्याही शब्दातून काहीही निघतं, मग पडताळा कशाने घ्यायचा? चौकटीतही आडव्यात ‘का’ असेल तर उभ्यातही ‘का’च हवा.

उच्चारावरच्या क्लूंचंही तसंच. इंग्रजीत स्पेलिंग एक आणि उच्चार भलताच, म्हणून त्यांना ते भरपूर मिळतात. आपल्याकडे दिन-दीन, सुत-सूत, शिर-शीर अशा ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्यांवर भागवावं लागतं. ‘ऐकायला दिवस, पाहायला गरीब (२)’ म्हणजे दीन.

उलट फिरवणं मात्र आपलंच. ‘मरा मरा’चा राम झाला ती गोष्ट आणखी कशाची आहे? पण यात एक खोट फार येते आणि ती मुक्ताला दाखवायला हवी. ‘गरीब उलटा प्रवाह (२)’ असा क्लू असेल तर उत्तर नदी की दीन? ‘उलटा’ मधोमध आहे, तो डावीकडचा की उजवीकडचा ते ठरत नाही, आणि दोन्ही उत्तरं बसतात. दोष क्लू करणाऱ्याचा. ‘गरीब माघारी फिरला, प्रवाह (२)’ असं केलं की फिरणारा गरीबच, उत्तर नदीच. आपलं क्रियापद शेवटी येतं, म्हणून ‘फिरला’, ‘विस्कटला’, ‘गिळला’ अशी खूण दिसली की आधी डावीकडे बघायचं. ‘फिरलेला’, ‘विस्कटलेला’ असेल तर उजवीकडे.

आणि विभक्ती! इंग्रजीवरून येणारा इथे हमखास घसरतो. ‘पालीच्या पोटात’ असं लिहिलं तरी मनात पाल धरायची, प्रत्यय सोडून द्यायचा. लपलेल्या शब्दात मात्र प्रत्ययाचं अक्षरही मोजायचं, कारण तिथे जे छापलंय तेच कच्चा माल. ‘एका मलमलीत फूल’ म्हटलंस तर का-म-ल झालं, कमल गेलं.

चांगल्या क्लूत नेमका अर्थ, न्याय्य फोड, आणि त्याहून जास्त काहीही नसावं, हा झिमेनीस या इंग्रज कोडेकाराच्या घराण्याचा नियम मी तिला पहिल्याच दिवशी लिहून देणार आहे. आफ्रिट या दुसऱ्या कोडेकाराने १९४९ मध्ये सांगितलं ते त्याच्या खाली: मी जे बोलतो तेच मला म्हणायचं असेल असं नाही, पण मला जे म्हणायचंय ते मी बोललेलं असलंच पाहिजे. हे मुलांना कळलं की त्यांची भीती जाते. समोरचा फसवतोय, पण नियमात राहून, एवढा विश्वास बसला की मुलगी तासभर शांतपणे बसते.

आता तुझं काम. घरी ‘द हिंदू’ पेपर येतो ना? नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख ॲडमिरल कटारी निवृत्तीनंतर ज्याचं कोडं करायचे, तोच. १५ बाय १५ ची चौकट. मुक्ताला वरून क्रमाने सोडवू देऊ नकोस. आधी सगळे क्लू एकदा वाचून ॲनाग्राम हुडकायचे: गोंधळ, मोडतोड, दारू, वेड, नाच अशा अर्थाचा शब्द दिसला की त्याच्या शेजारच्या शब्दांची अक्षरं मोजायची. बेरीज कंसातल्या आकड्याइतकी आली तर बहुधा सापडला. एक-दोन कमी पडली तर शेजारी एखादा लहान तुकडा लपलाय. अक्षरं ओळीत लिहू नयेत, वर्तुळात लिहावीत, म्हणजे जुना शब्द डोळ्यांपुढून हटतो. विरामचिन्हं पुसली आहेत असं समजायचं. फ्लॉवर दिसलं की फूल आठवायच्या आधी फ्लो-अर, म्हणजे वाहणारी नदी आठवायची. उत्तर सुचलं पण फोड पटली नाही, तर फिकट लिहून शेजारी प्रश्नचिन्ह. चुकीचा एक आडवा शब्द चार उभे बिघडवतो, आणि पुढच्या दिवशी तिला वाटतं आपल्याला काहीच येत नाही. पहिल्या दिवशी तीन-चार शब्द भरले तरी पुष्कळ. दुसऱ्या दिवशी उत्तरं छापून आली की तिच्याशेजारी बसून प्रत्येकाची फोड करा. शालू, इथे तू लागेल तितकं बोल. मला फोड शिकवलीस ती तूच, आणि तुझ्याइतकी सुंदर फोड मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही.

हिंदू जड गेला तर इंग्लंडच्या गार्डियन पेपरने २०२४ पासून क्विक क्रिप्टिक सुरू केलंय, त्यात कुठल्या प्रकारचे क्लू आहेत ते वरच लिहिलेलं असतं. नवख्यासाठी फार मायेने केलेली गोष्ट आहे ती. लंडनच्या टाइम्सचं क्विक १३ बाय १३ चं, ते त्यानंतर.

मराठी चौकट मी करून पाठवते. ७ बाय ७ पुरते. आपले शब्द आखूड, त्यामुळे तीन अक्षरांतली निदान दोन तरी दुसऱ्या शब्दाने पकडलेली हवीत, नाहीतर पोरीला आधारच मिळत नाही.

प्रकाशरावांचं प्लास्टर निघालं का? नव्या घरात पाणी नीट येतं ना? तुझ्या सासूबाईंना नमस्कार. निमाचा पत्ता तुझ्याकडे असेल तर कळव.

तोवर हे दोन मुक्तासाठी:

‘एका जवानाच्या मुठीत लुकलुकणारा (३)’
‘सूर्य मावळतीकडून उगवला, शूर (२)’

दुसऱ्यात वेलांटी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमाने लिहायची, एवढंच तिला सांग. उत्तरं तिच्याच अक्षरात, फोडीसकट माझ्याकडे येऊ देत. तुला ती आत्ता, हे वाचतानाच आली असतील, मला माहीत आहे. गप्प राहा.

तुझी,
मंदा