काकू, तो बटर पेपर पोचला

आदरणीय काकूंना,
सा. न. वि. वि.

फोनवर धड आभारही मानता आले नाहीत, घसाच दाटून आला. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. तुम्हाला असलं काही आवडत नाही, ठाऊक आहे. रागवा हवं तर.

प्रकरण म्हटलं तर एवढंसं. जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळालेला वीतभर निळा चंबू, आणि तो घडवला कुणी हा प्रश्न. मला संशय होता डाइचमन दांपत्याचा. केल्ड डेन्मार्कचे, एरिका अमेरिकेत जन्मलेली पण डॅनिश आईबापांची. केल्ड डेन्मार्कला जाऊन कुंभारकाम शिकले आणि १९३५ मध्ये दोघं कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या मॉस ग्लेनला चाक मांडून बसले. चाकावर केल्ड, ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा थर) आणि नक्षी एरिकाबाईंकडे. त्या फावल्या वेळात 'गूफस' नावाचे चित्रविचित्र प्राणीही मातीत घडवायच्या. कॅनडातले पहिले स्टुडिओ पॉटर, म्हणजे स्वतःच्या कार्यशाळेत हाताने भांडी घडवणारे कलाकार, म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९५६ मध्ये बिऱ्हाड ससेक्सला हललं, १९६३ मध्ये केल्ड गेले आणि एरिकाबाईंनी काम थांबवलं. एवढं सगळं करूनही आज टोरॉंटोत नाव काढा, समोरचा विचारतो, "कोण?"

तर मी विचारत फिरलो. एका दुकानदाराने चंबू उलटा करून बघायचेही कष्ट घेतले नाहीत. "डॅनिश असेल," म्हणून मोकळा. एका लिलाववाल्याने आधी विचारलं, विकायचाय का? नाही म्हटल्यावर संपलं. एका मोठ्या जाणकाराचं उत्तर आलं, पण ते दुसऱ्याच कुणाला लिहिलेलं होतं. वरचं नाव बदलायचं राहून गेलं होतं. आपली मंडळीही कमी नाहीत. "चंबूचं बारसं कधी?" हा विनोद अजून चालू आहे.

आणि मग तुम्ही. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत सिरॅमिक शिकलेल्या, तिकडे न्यू ब्रन्सविकला आयुष्य गेलेल्या. कुणीतरी नंबर दिला म्हणून भीतभीत फोन केला. तुम्ही पहिलं काय विचारलंत? "बुडाला हात लावून बघितलास का? ग्लेझ कुठे थांबलंय?" तोवर मला कुणी चंबूबद्दल प्रश्नच विचारला नव्हता.

नंतर ते पाकीट आलं. तुमच्या घरच्या डाइचमन वाडग्याचं बूड, त्यावर बटर पेपर धरून पेन्सिल आडवी घासून उठवलेला सहीचा ठसा. फोटो पाठवून भागलं असतं. पण फोटोत सावली पडते, खोली कळत नाही, म्हणून तुम्ही या वयात, दुखऱ्या मनगटाने तो ठसा काढलात. एक नव्हे, तीन. पहिले दोन जरा पुसट आले म्हणून तिसरा, आणि पुसटही टाकून न देता सोबत घातलेत. समासात बारीक अक्षरात लिहिलंत: "शेवटची दोन अक्षरं मला नीट लागत नाहीत. तुला हवी तशी वाचू नकोस."

काकू, त्या ओळीने मला रडवलं. सही चंबूवरच्या सहीशी जुळली याचा आनंद आहेच. पण तोवर ज्यांना काही माहीत नव्हतं ते बेधडक बोलत होते, आणि जिला माहीत होतं ती हात राखून बोलत होती. अशी माणसं गाजत नाहीत. मात्र कुठलंही खरं काम अखेर त्यांच्यापाशीच येऊन टेकतं.

तुम्ही सहज म्हणालात, आपल्याच जे.जे.त टेरीसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात पॉटरी सुरू केली, अजिंठ्याची नक्षी घडे-सुरयांवर उतरली, आणि आज जे.जे.त शिकणाऱ्यांनाही ते ठाऊक नसतं. तुम्ही तक्रार करत नव्हतात. पण मला त्यातून पुढचं काम मिळालं, याचेही आभार.

मनगटाला शेक घेत जा. आणि गूफसबद्दल विचारायचं राहिलंच आहे: त्यांच्याही पोटाखाली सही असते का? घाई नाही. ठसा मात्र काढू नका, नुसतं फोनवर सांगा.

तुमचा,
चंबूवाला