गाडगेबाबा, तुमच्या धर्मशाळेनं आम्हाला मुंबईत तारलं

बाबा,

सादर नमस्कार. कुणी पाया पडायला वाकला की तुम्ही काठी उगारायचात, म्हणून हे आभार पत्रानंच.

वडिलांना घशाचा कॅन्सर निघाला आणि त्यांना अमरावतीहून मुंबईला, टाटाला आणावं लागलं. मी लालबागला कॉट बेसिसवर राहणारा. आईवडिलांना ठेवणार कुठे? परळच्या फुटपाथवर पेशंटसकट मुक्काम टाकलेली कुटुंबं रोज बघत होतो. आपलीही तीच गत होणार, असं धरून चाललो होतो. पण दादरला तुमच्या नावाच्या धर्मशाळेत जागा मिळाली. थोडक्या पैशांत निवारा, जेवणाची सोय आणि आजूबाजूला आपल्यासारखंच दुखणं घेऊन आलेली माणसं. त्या रात्री आई कितीतरी दिवसांनी शांत झोपली.

रेडिएशननं वडिलांच्या घशाखाली घास उतरेना, बोलणंही बंद झालं. एका संध्याकाळी मी मोबाइलवर तुमचं बांद्र्याचं शेवटचं कीर्तन लावलं, ८ नोव्हेंबर १९५६ चं. आपली वऱ्हाडी बोली कानावर पडली आणि वडील उशीला टेकून उठून बसले. तुम्ही प्रश्न विचारता, लोक एका सुरात उत्तर देतात. जरा वेळानं वडीलही त्या गर्दीबरोबर मान हलवून उत्तरं द्यायला लागले. तेवढ्यात आईनं पेजेची वाटी पुढे केली. ती त्यांनी संपवली, बाबा!

लोक तुम्हाला खराट्यासाठी ओळखतात. मला त्याहून मोठी वाटते ती तुमची सोडून देण्याची ताकद. पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभारल्यात, स्वतः मात्र गाडग्यातच जेवलात. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर बाबासाहेबांच्या संस्थेला देऊन टाकलीत. एवढं उभं करून त्यावर हक्क न सांगणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. भुकेल्याला अन्न, रोग्याला औषध, बेघराला आसरा, या तुमच्या रोकड्या धर्मातलं मला झेपेल तेवढं मी उचललंय.

वडील आता गावी आहेत, दुधात कुस्करून भाकर खातात. मी सुट्टी असली की टाटाच्या गेटवर जातो. फाइल कुठे काढायची, रक्त कुठे तपासायचं, हे नव्या माणसांना दाखवतो. मागच्या आठवड्यात मेळघाटातून आलेल्या एका बाईंना आणि त्यांच्या मुलाला दादरला पोचवलं. जागा मिळालीय त्यांना.

तुमचा,
शेंडगावाजवळचा एक वऱ्हाडी, मुक्काम लालबाग