लीकेज शोधणारा येणार म्हणून फरशी पुसू नका

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

आपल्या पेपरात उजनी धरणात पाणी किती, कुठली लाईन फुटली, कुठल्या भागाला एक दिवस उशिरा पाणी, हे रोज येतंच, ते वाचूनच आमचं घर चालतं. पण घरातल्या घरात जी लाईन फुटते तिच्याबद्दल कुणी काही लिहीत नाही, म्हणून मी लिहितेय. आम्ही जुळे सोलापुरात राहतो, खाली-वर असं साधं घर आहे, आणि मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे मशीनवाला लीकेज शोधायला दोनदा आला. दोनदा आला कारण पहिल्यांदा आमचीच तयारी नव्हती, आणि व्हिजिटचे पैसे अर्थातच दोनदा गेले. दुसऱ्यांचे वाचावेत एवढ्यासाठी हे पत्र.

झालं असं की पॅसेजच्या भिंतीला खालून गुडघ्याएवढी ओल चढली, रंगाचे पोपडे, त्यावर पांढरं मिठासारखं काहीतरी. नेहमीच्या प्लंबरमामांना बोलावलं तर ते म्हणाले बाथरूमपासून किचनपर्यंत सगळी फरशी काढू, ब्रेकर आणतो, त्याशिवाय कळत नाही. मी म्हटलं थांबा जरा. मग कुणीतरी सांगितलं की आता मशीनने शोधतात, म्हणून त्या माणसाला फोन केला, त्याने वार ठरवला आणि आम्ही काय केलं? घरी पाहुणा येणार म्हटल्यावर करतो तेच. सकाळी उठून मी सगळी फरशी ओल्या फडक्याने दोनदा पुसली, आमच्या ह्यांनी आदल्याच दिवशी त्या ओल्या भिंतीवर प्रायमर मारला, "बरं नाही दिसत" म्हणून. आणि नळ येऊन गेल्याचा तो पाचवा दिवस होता, म्हणजे वरची टाकी तळाला गेलेली आणि हौदात वीतभर पाणी.

तो आला, थर्मल कॅमेरा काढला. सगळीकडे निळंच निळं. त्याने शांतपणे विचारलं, ताई फरशी कधी पुसली? हा कॅमेरा भिंतीच्या आतलं बघत नाही ओ, तो फक्त वरच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवतो, ओली जागा वाळताना गार पडते तो त्याचा पुरावा, आणि मी तर अख्खं घरच ओलं करून ठेवलं होतं. मग त्याने दुसरं यंत्र काढलं, कानाला हेडफोन आणि जमिनीवर ठेवायची वाटीसारखी वस्तू, त्यात पाणी बारीक फटीतून सुटल्याचा सूं आवाज येतो म्हणे. पण आवाज यायला पाईपात दाब पाहिजे. दहा मीटर उंचीचं पाणी असेल तेव्हा कुठं चौरस सेंटीमीटरला एक किलोचा दाब मिळतो, आमची टाकी जमिनीपासून सात-आठ मीटरवर, म्हणजे भरलेली असली तरी पाऊण किलो, आणि ती रिकामी असल्यावर पाईपात वाराच. त्यातून शेजारच्यांची बोअरची मोटर चालू, आमच्या किचनमध्ये कुकर. त्याने हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाला, पाणी आल्यावर फोन करा.

जाताना मात्र त्याने जे सांगितलं ते सोन्यासारखं होतं आणि ते घरच्या घरी फुकट करता येतं. पुण्या-मुंबईकडे म्हणे नळ बंद ठेवून मीटर फिरतो का बघतात. आमच्या घराला मीटरच नाही आणि पाणी रोज नाही, त्यामुळे आपल्याला टाकीवरच परीक्षा घ्यावी लागते. रात्री टाकी गच्च भरायची, मोटर बंद, बॉलकॉकला येणारी चावी बंद, आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेवर मार्करने खूण करायची आणि सकाळपर्यंत घरात कुणी थेंबही वापरायचा नाही (सासूबाईंना हे पटवायला मला टाकी भरण्यापेक्षा जास्त वेळ लागला, शेवटी बादली आधीच भरून दिली). सकाळी शिडी लावून वर गेले तर खूण आणि पाण्यात चार बोटांचं अंतर. हजार लिटरच्या गोल टाकीत एक सेंटीमीटर म्हणजे साधारण नऊ-दहा लिटर, चार बोटं म्हणजे सात-आठ सेंटीमीटर धरा, म्हणजे एका रात्रीत ७० लिटर तरी गेलंच. आणि आम्ही पाच दिवस पुरवायचं म्हणून भांडी विसळलेलं पाणी झाडांना घालतोय!

पुढची रात्र त्याहून कामाची. टाकीतून खाली तीन पाईप उतरतात, एक बाथरूम-संडासचा, एक किचनचा, एक सोलरला जाणारा. तिन्हींचे कॉक बंद केले तर पाणी जागचं हललं नाही, म्हणजे टाकी चांगली. मग रोज रात्री एकेक कॉक उघडा ठेवून बघितलं. बाथरूमचा उघडा ठेवायच्या आधी फ्लशच्या टाकीत जिलबीत घालतात तो केशरी रंग टाकून अर्धा तास फ्लश न करता ठेवला, भांड्यात रंग उतरला असता तर फ्लशचा वॉशर गळका. उतरला नाही. किचनही ठीक. सोलरचा उघडा ठेवला त्या रात्री पुन्हा चार बोटं गायब!

आता मला सगळं आठवायला लागलं. महिनाभर सकाळी सोलरचं पाणी कोमट येत होतं आणि आम्ही सोलर बसवणाऱ्याला फोन करकरून बोलत होतो, तो बिचारा दोनदा येऊन काचा पुसून गेला. आणि जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत थंडी होती तेव्हा गल्लीतलं मांजर आमच्या पॅसेजमध्ये येऊन एकाच फरशीवर अंगाचं मुटकुळं करून बसायचं, हाकललं तरी परत तिथंच, सासूबाई म्हणायच्या हिला इथंच काय सापडतंय गं. आम्ही हसायचो.

तर दुसऱ्यांदा बोलावताना नळ येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बोलावलं, टाकी हौद दोन्ही भरलेले. फरशी आदल्या रात्रीपासून कोरडी. पॅसेजमधलं चपलांचं कपाट आणि गहू-ज्वारीचे डबे आदल्या दिवशीच हलवले, नाहीतर तो आल्यावर हलवत बसलो असतो. अंगणातल्या चेंबरवर कुंड्या होत्या त्या काढल्या, झाकण उघडून बघितलं. सगळे कॉक कुठं आहेत ते शोधून प्रत्येकाला चिंधी बांधली, एक तर गंजून बसला होता तो आधीच बदलून घेतला, कारण त्या माणसाने पिरगाळला आणि तुटला तर भांडण कुणाचं? घर बांधताना फरशीच्या आधी पाईपांचे फोटो काढले होते का, हे ह्यांना विचारलं तर जुन्या मोबाईलमध्ये दोन निघाले, त्यात ह्यांचे मित्रच जास्त दिसतात पण पाईप कुठून वळतो तेवढं कळलं. शेजारच्या काकूंना सांगितलं, तासभर मोटर लावू नका. भिंतीवरची ओल तशीच ठेवली, पुसली नाही रंगवली नाही.

या वेळी त्याने अर्ध्या तासात काम केलं. सोलरचं गरम पाणी थोडा वेळ सोडलं, मग बंद केलं, कॅमेऱ्यात पॅसेजच्या मधोमध पिवळा-लाल डाग उमटला. वाटी ठेवून ऐकलं, खडूने गोल काढला. मांजराची फरशी! दोनच फरश्या काढल्या, खाली सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्याच्या प्लॅस्टिक पाईपाचा, वळणावरचा एल्बो चिरलेला, मुरूम नुसता भाजल्यासारखा गरम.

आता तुमच्या घरी नेमकं असंच असेल असं नाही. माझी मैत्रीण पूर्व भागात राहते, भिंतीला भिंत लागून यंत्रमाग, तिथं दिवसा ऐकायचं यंत्र लावून उपयोग शून्य, तिने मागाच्या सुट्टीच्या दिवशी बोलावलं. विजापूर रोडला बहिणीचा फ्लॅट आहे, ओल तिच्या छताला पण बाथरूम वरच्यांचं, म्हणून वरचे घरी आहेत ना आणि आत येऊ देतात ना हे आधी ठरवावं लागलं, नाहीतर मशीन घेऊन जिन्यात उभं राहायचं.

आणि एक गोष्ट प्रत्येकाने करावीच, ओल दिसल्या दिवसापासून कॅलेंडरवर खूण करा. नळ आला त्या दिवशीच ओल वाढते आणि मग उतरते, तर लफडं रस्त्यापासून हौदापर्यंतच्या लाईनीत आहे, मग मशीनवाल्याला नळ चालू असतानाच बोलवावं लागेल कारण एरवी त्या पाईपात दाबच नसतो. (आणि हे टाळू नका, नळ बंद झाला की त्याच फटीतून बाहेरचं घाण पाणी आत येऊ शकतं आणि पुढच्या पाळीला तेच हौदात पडतं.) ओल कायम सारखी राहत असेल तर टाकीकडून येणाऱ्या लाईनीत, आंघोळी झाल्यावर वाढत असेल तर मोरीच्या सांडपाण्याच्या पाईपात. मशीनवाल्याने आल्या आल्या हेच विचारलं होतं आणि पहिल्या वेळी आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो. फोनवरच हेही विचारून घ्या की सापडलं नाही तर पैसे किती, दुरुस्ती त्यातच की वेगळी, आणि जागेची खूण कागदावर लिहून देणार का.

आता तुमच्याकडे एक मागणं. नळ चालू असताना माणूस बोलवायचा तर नळ कधी येणार हे कळायला हवं ना. "आज अमुक भागाला पाणी" एवढंच छापून येतं, पण पहाटे की रात्री, ते पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याच्या घरच्यांनाही माहीत नसतं. महापालिकेकडून भागाप्रमाणे वेळ मागून घ्या आणि छापा. रात्री अडीचला येणार असेल तर अडीच असं छापा, आम्ही उठतोच आहोत इतकी वर्षं.

आपली नियमित वाचक,
जुळे सोलापूर

ता. क. त्या दोन फरश्यांच्या डिझाईनच्या आता मिळत नाहीत, तिथं शहाबादी बसवली. मांजर एकदा येऊन वास घेऊन गेलं, परत आलं नाही.