मधली दोरी

ती. आई-बाबांस,
सा. न.

फिल्मचं एडिटिंग परवा संपलं. १८ मिनिटांची झाली होती, आता ११ उरली.

आई, तू फोनवर विचारलंस, "आजीचा फोटो कुठे घेतलायस?" घेतलाच नाही. हार घातलेला फोटो दिसला की बघणारा लगेच सुटतो, "अच्छा, गेल्या होय!" वाईच्या घाटावर पहाटेपासून बसून मिळवलेला कावळाही काढला. जिवावर आलं, पण कावळा सगळ्यांच्याच फिल्ममध्ये असतो.

मग आजी आहे कुठे? अंगणातल्या मधल्या दोरीवर. तुझ्या लक्षात आलंय का माहीत नाही, पण त्या दोरीवर तू अजून काही वाळत घालत नाहीस. तिथे नऊवारी असायची. बाबांचे शर्ट, पंचे, उशांचे अभ्रे सगळं कडेच्या दोन दोऱ्यांवर दाटीवाटीने, आणि मधे नुसते चार लाकडी चिमटे. कॅमेरा हलवला नाही, ४१ सेकंद तेवढंच दाखवलंय. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ९८४ फ्रेम. एडिटर म्हणाला, लांबतंय, २० पुरे. मी हटून बसले. पहिली २० सेकंदं माणूस कपडेच बघतो, मोकळी दोरी त्याला नंतर दिसते.

बाबा, आता तुमच्याशी बोलायचंय. साउंडवाल्या मुलाने फ्रिज बंद केला होता, आठवतंय? त्याची घरघर माइकमध्ये येते. परत चालू करायचं विसरू नये म्हणून ही मंडळी आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवतात. हा आलेला एसटीने, त्यामुळे सवयीने तुमच्या स्कूटरची ठेवली! अर्धा तास घर धुंडाळून ती दह्याच्या भांड्याशेजारी सापडली तेव्हा तुम्ही हसलात. तेराव्यानंतर तुम्हाला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

घड्याळही थांबवलं होतं, कारण शॉट कापला की टिकटिक उडी मारते. आणि शेवटी रूमटोन. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. ती सगळ्यांनी गप्प उभं राहून मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवायची, पुढे आवाजातल्या फटी बुजवायला लागते. माजघराची घेताना मी हेडफोन लावला होता. मधेच झोपाळ्याची कडी कुरकुरली, दोनदा. मग कुणीतरी झोपाळा हाताने धरला आणि लांब श्वास सोडला. दाराआड तुम्ही होतात. टेक खराब झाला म्हणून आम्ही दुसरा घेतला, अगदी स्वच्छ.

फिल्ममध्ये मी पहिला लावलाय, दोरीच्या शॉटखाली.

हेच विचारायला पत्र. फोनवर विचारलं असतं तर "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणून फोन आईकडे दिला असतात. श्वास कुणाचा हे बघणाऱ्याला कळणार नाही, पण तुम्हाला कळेल. नको वाटत असेल तर दुसरा लावते, पाच मिनिटांचं काम आहे.

शनिवारी लॅपटॉप घेऊन येते. माजघरातच बघू, पंखा बंद करून. आणि हो, घड्याळ परत चालू करायचं मी विसरलेच. आईने केलं असेल. नसेल तर राहू दे, मी आल्यावर किल्ली देते.

तुमची,
बबडी