शिरोरेषा दाखवणाऱ्या पेंटरकाकांना

ती. पेंटरकाका यांना,
शि. सा. नमस्कार.

तुमच्या तोंडावर आभार मानायचा प्रयत्न मी तीनदा केला. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, "चहा घे आधी." दुसऱ्यांदा नातीच्या शाळेचा विषय काढलात. तिसऱ्यांदा सरळच सांगितलंत, "कामाचं बोल." म्हणून आता चारचौघांत लिहितोय. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्ही मोबाइल हातात धरत नाही हे माहीत आहे, पण नात वाचून दाखवेल. तिला एकच विनंती, काकांनी "पुरे" म्हटलं तरी थांबू नकोस.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. बेळगावच्या शहापुरात काकांचं बोर्ड रंगवायचं दुकान होतं. दुकान म्हणजे अर्धं शटर, आत ऑइल पेंटचे डबे, टर्पेंटाइनचा वास आणि भिंतीला टेकवलेले पत्रे. बेळगावातल्या कितीतरी दुकानांवरची अक्षरं त्यांच्या हातची, कन्नड वर, मराठी खाली, कोपऱ्यात कुठंतरी इंग्रजी. मग फ्लेक्स आला. ज्या बोर्डाला काकांना दोन दिवस लागायचे तो तासाभरात छापून मिळायला लागला. शटर अर्ध्यावरून हळूहळू पूर्ण खाली आलं.

मी उद्यमबागेत मशीनवर काम करतो. चित्रं काढायची हौस शाळेपासूनची, पण शिकलो कुठंच नाही. शिफ्ट संपली की वही घेऊन वडगावच्या शिवारात जायचो आणि समोर दिसेल ते सगळं कागदावर कोंबायचो. असंच एक चित्र काखेत मारून येताना तुम्ही दुकानाच्या पायरीवर बसलेले होता.

"काय काढूलास, बघू."

मी अभिमानानं उघडून दाखवलं. आमच्या बेळगावजवळचा राजहंसगड होता, खाली भातशेती, मधून नाला, डावीकडं देऊळ, उजवीकडं नारळाची झाडं (आमच्या शिवारात नारळ नाहीत), उडणारे बगळे आणि वाटेवर एक बैलगाडी. तुम्ही बराच वेळ बघितलंत. मला वाटलं आवडलं.

"बैलगाडी कधी बघितलीस शेवटची?"

आठवेना. शिवारात ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर फिरतात. बैलगाडी कॅलेंडरवरून आली होती, नारळही तिथूनच. मग तुम्ही तो प्रश्न विचारलात, जो आजही ब्रश भिजवायच्या आधी कानात वाजतो. "हे चित्र कशाचं?"

"गडाचं," मी म्हटलं.

"मग नाला एवढा मोठा कशाला?"

"मग... शेताचं."

"मग गड मधोमध कशाला बसलाय?"

पुढं तुम्ही जे सांगितलंत ते तेव्हा अर्धंच कळलं. राजहंसगड हे ठिकाण झालं, विषय नव्हे. त्या ठिकाणाबद्दल तुला काय सांगायचंय ते ठरव, मग कुठली वस्तू कुठं बसवायची ते आपोआप कळेल. मला वाटायचं आधी छान रचना करायची आणि विषय हा नंतर चित्राखाली लिहायचा मथळा. ती गाठ तुम्ही पायरीवर बसल्या बसल्या उलटी बांधून दिलीत.

त्या दिवशी तुम्ही आत बोलावलंत आणि एक जुना पत्रा पुढं ओढला. त्यावर एका किराणा दुकानाचं नाव दोन लिप्यांत होतं. तुम्ही मराठी ओळीवर बोट फिरवलंत. या ओळीला शिरोरेषा आहे, म्हणून अक्षरं कशीही असली तरी दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी एका रांगेत राहतात. पण रेघ जाड झाली की माणूस रेघच बघतो, नाव वाचत नाही. मग वरची कन्नड ओळ दाखवलीत. इथं सलग रेघ नाही. सगळी अक्षरं गोल, प्रत्येकाचं पोट वेगळं. ही ओळ डोळ्यानंच तोलायची, दोन अक्षरांमधली रिकामी जागा बघून. पट्टीनं मोजून सारखं अंतर ठेवलं तर ती ओळ विस्कटलेली दिसते.

"तुझं क्षितिज म्हणजे शिरोरेषा," तुम्ही म्हणालात. "ती कागदाच्या मधोमध काढलास, त्यात जाड काढलास. कागद फाटल्यासारखा दिसूलाय."

काका, यथार्थदर्शन (जवळचं मोठं, लांबचं लहान दाखवायची रीत), केंद्रबिंदू, कागदाचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडून मुख्य वस्तू त्या रेघांच्या छेदावर ठेवायची पद्धत, हे सगळं मी नंतर वाचलं. पण पुस्तकातलं क्षितिज मला तुमच्या पत्र्यावर आधी भेटलं होतं, म्हणून ते वाचलेलं अंगाला लागलं.

मग काडेपेटी आली. तुम्ही ती वहीवर ठेवून पेन्सिलीनं तिच्याभोवती रेघ मारलीत आणि म्हणालात, अशा 10 चौकटी काढ, एकाच जागेच्या, प्रत्येक वेगळी, आणि चौकटीत तीनच रंग: कागदाचा पांढरा, पेन्सिलीचा फिका, पेन्सिलीचा काळा. एवढ्या बारक्या चौकटीत बगळा मावत नाही, हीच त्यातली गंमत. डोळे बारीक करून बघितलं की झाडाची पानं जातात आणि झाडाचा काळा डाग तेवढा राहतो. ते डाग नीट बसले तर मोठं चित्र बसतं. डाग बसले नाहीत तर भारीतला 300 जीएसएमचा जाड कागदही वाचवत नाही, हे मी पगाराच्या पैशांनी शिकलोय.

लग्नपत्रिकेची खिडकी आठवते? जाड पत्रिकेतून तुम्ही ब्लेडनं आयत कापून दिला होता, माझ्या कागदाच्याच प्रमाणात. तो डोळ्यासमोर धरून शिवार बघायचं, पुढं-मागं करत, कधी आडवा कधी उभा. त्या पत्रिकेच्या मागच्या बाजूला अजून गणपती आहे आणि "आमच्या येथे श्रीकृपेकरून" एवढं अर्धं वाक्य. माझ्या सॅकमध्ये ती असते. लोक विचारतात, कुणाचं लग्न?

पण खरी परीक्षा झाली ती बळ्ळारी नाल्याच्या पुरात. आमच्या शिवाराला तो नवीन नाही. मे-जूनमध्ये धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतली पेरणी होते, भात चांगलं गुडघाभर वर येतं आणि एखाद्या आठवड्याच्या पावसात नाला फुगून सगळं पाण्याखाली जातं. पाणी ओसरलं त्या संध्याकाळी मी बांधावर गेलो. करड्या गाळाचा थर, त्यात लोळलेलं भात आणि लांब बांधावर छत्री घेतलेला एकच माणूस. तो काही करत नव्हता. बघत होता.

सवयीप्रमाणं मी गड कागदाच्या मध्यावर आखायला घेतला आणि थांबलो. हे चित्र कशाचं? गाळाचं. मग गाळाला जागा द्यायला हवी. मी क्षितिज वर नेलं, इतकं वर की आकाशाला चार बोटंसुद्धा उरली नाहीत. कागदाचा तीन चतुर्थांश भाग नुसता चिखल. त्यात काढायला काही नाही असं वाटतं, पण साचलेल्या पाण्यात उतरतं ऊन चमकत होतं. तिथं कागद कोराच ठेवला. बांध खालच्या डाव्या कोपऱ्यातून तिरपा वर गेला, नजर त्याच्यावरून चालत माणसापर्यंत पोचावी म्हणून. माणूस उजव्या बाजूला, पण तोंड आत, शेताकडं. बाहेर बघत असता तर बघणाराही त्याच्या मागोमाग चित्राबाहेर गेला असता. आणि गड? तो अंगठ्याच्या नखाएवढा, ओल्या हवेत फिका निळसर झालेला. लांबची वस्तू फिकी आणि निळी दिसते कारण मधल्या हवेत उजेड विखुरतो. पावसाळ्यात हवेत पाणी जास्त म्हणून गड आणखी मागं सरतो. हे शास्त्र मला ठाऊक होतं. त्याचा विषयाशी संबंध असू शकतो हे त्या दिवशी कळलं. गड लांब गेला, म्हणून माणूस जास्त एकटा दिसला.

तुम्हाला ते दाखवायला आणलं तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. चित्र घेऊन शेजारच्या सलूनमध्ये गेलात आणि आरशासमोर धरलंत. बोर्डाचा तोल तुम्ही असाच तपासायचा, कारण उलटं दिसलं की डोळ्याची सवय मोडते आणि कललेलं लगेच कळतं. खुर्चीत गिऱ्हाईक साबण लावून बसलेलं. त्याला विचारलंत, "काय दिसतंय?" तो म्हणाला, "पीक गेलं वाटतं कुणाचंतरी." तुम्ही चित्र माझ्या हातात दिलंत आणि चहा सांगितलात. एवढीच काय ती शाबासकी, पण मला अजून पुरते.

त्यानंतर गडाची चित्रं काढतच राहिलो. मध्ये एकदा मोबाइलवर होकुसाई या जपानी चित्रकाराचं काम तुम्हाला दाखवलं होतं. त्यानं 1830 च्या सुमारास फुजी डोंगराची 36 दृश्यं काढायला घेतली आणि लोकांना आवडली म्हणून आणखी 10 वाढवली. त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या चित्रात समोर राक्षसी लाट आहे आणि फुजी तिच्या खाली एवढासा. तुम्ही चष्मा वर करून बघत राहिलात आणि म्हणालात, "हा पण बोर्ड रंगवूत असणार." मी हसलो होतो. नंतर वाटलं, त्यात चुकीचं काय? त्याची ती चित्रं लाकडी ठशांवरून छापून विकली जायची, सपाट रंग आणि ठसठशीत रेघ. रस्त्यावरून जाणाऱ्याला क्षणात कळलं पाहिजे हा हिशोब तुमचाही तोच.

आपल्याकडच्या चित्रकारांची आठवणही तुम्हीच करून दिलीत. कोल्हापूरचे आबालाल रहिमान रंकाळा आणि कोटितीर्थाच्या परिसरातच रमले. आणि आपल्या बेळगावात के. बी. कुलकर्णी होऊन गेले, ज्यांच्या हाताखाली रवी परांजपे घडले. "लांब जाऊन काय बघूलास, गावातलंच बघ आधी," हे तुमचं वाक्य मी तेव्हा कंजूषपणा समजलो होतो.

फ्रेमवाल्याचा किस्सा लिहू का? लिहितोच. भाताच्या गंज्यांचं एक चित्र मी फ्रेम करायला दिलं, तर एका महाभागानं तयार फ्रेममध्ये बसेना म्हणून न विचारता डावीकडचा दोन इंच कागद कापून टाकला. मी भांडून, थरथरत तुमच्याकडं आलो. तुम्ही बघून पोट धरून हसलात. त्या दोन इंचांत मी एक झाड उगीच ठेवलं होतं, जागा रिकामी दिसते म्हणून. "पैसे देऊन ये त्याला," म्हणालात. पैसे मी आधीच दिले होते, ते परत मागायला जाणार होतो. गेलो नाही. मात्र त्या दुकानात पुन्हाही गेलो नाही.

खानापूरच्या बाजूला मात्र माझी सगळी शिकवणी कोलमडली. जांबोटीच्या पुढं, कणकुंबीकडं जाताना क्षितिजच नाही. झाडं, झाडांमागं झाडं, मध्ये जांभ्या दगडाची लाल वाट, वरून न थांबणारा पाऊस. काडेपेटीच्या चौकटी काळ्या भरून निघायच्या. दोन रविवार वाया गेल्यावर तुमच्याकडं आलो, तर तुम्ही काही न बोलता तोच किराण्याचा पत्रा पुढं केलात आणि या वेळी बोट वरच्या ओळीवर ठेवलंत. शिरोरेषा नाही. गोल आकार, आणि मधल्या जागा.

तेव्हापासून जंगलात मी झाडं काढत नाही. आधी दोन बुंध्यांमधला उजेड काढतो, त्याचे आकार लहान-मोठे करतो, एक मोठा भोकासारखा उजेड कुठंतरी बाजूला ठेवतो आणि झाडं त्यांच्या कडेनं आपोआप उभी राहतात. आपल्या जिल्ह्यात पूर्वेला उघडी माळरानं आणि पश्चिमेला हे दाट रान आहे. तुमच्या एका पत्र्यावर दोन्ही होतं, वर एक आणि खाली एक. आपल्याकडं पाट्यांवरून लोक डोकी फोडायला उठतात, काका, आणि मी त्याच पाटीवर चित्रकला शिकलो. यावर जास्त लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही.

2023 साली गडावर महाराजांचा पुतळा उभा राहिला आणि माझ्या ओळखीची गडाची रेघ बदलली. आधी ती लोळत पडलेल्या आडव्या रेघेसारखी होती, आता तिच्यावर एक उभा ठिपका आहे. किती बारीक असला तरी नजर आधी तिथंच जाते. त्यामुळं जुन्या रचना चालेनात. ठिपका ठेवला तर चित्र त्याचंच होतं, वगळला तर बैलगाडीसारखं खोटं होतं. या भानगडीत पाच कागद फुकट गेलेत. सध्या सकाळचं बघतोय. वडगावकडून दक्षिणेला तोंड केलं की ऊन डावीकडून येतं. शिवारात धुकं असलं की गडाचं अंग पुसलं जातं आणि वरचा तेवढा भाग धुक्याबाहेर राहतो. ते कशाचं चित्र आहे हे अजून ठरलेलं नाही.

आभार कसले मानायचे हे नीट जमलं नाही, मान्य आहे. तुम्ही फी घेतली नाहीत. घेतला तो माझा वेळ, शिफ्टनंतरचा, आणि दर वेळी चहाचे पैसे तुम्हीच दिलेत. निदान ते तरी या रविवारी मला देऊ द्या.

येताना वही आणतो. आठ चौकटी झाल्यात, दोन बाकी आहेत. सलूनवाल्याला सांगून ठेवा, आरसा लागेल.

तुमचा,
उद्यमबागेतला मशीनवाला

ता. क. तो किराण्याचा पत्रा भंगारात घालायचं सूनबाई म्हणत होत्या असं कळलं. घालू नका. मी न्यायला येतो.