चिमीला, आईवर ओरडलीस त्याबद्दल

प्रिय चिमे,

जय ख्रिस्त. तुझा परवाचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला, पहिल्यांदा रडण्यात अर्धं कळलंच नाही. आई रोज तिन्हीसांजेला विचारते अण्णा कारखान्यातून आले का, आणि परवा दहाव्यांदा विचारलं तेव्हा तू ओरडलीस की अण्णा गेले, सहा वर्षं झाली, आणि ती अशी रडली की जणू निरोप आत्ताच आलाय. वर तू म्हणतेस ताई तुझ्यासारखी सबुरी माझ्यात नाही.

माझ्यासारखी? बाई गं, ऐक मग.

इथे इस्राएलला हल्ल्याचे सायरन वाजायचे ना त्या दिवसातली गोष्ट, मी तेव्हा तुम्हाला सांगितली नव्हती. तेल अवीवच्या बाजूला सायरननंतर दीड मिनिट मिळतं. आमची बिल्डिंग जुनी, घरात सेफ रूम नाही, जिन्यात जाऊन बसायचं. सव्ता (म्हणजे आजी, जिला सांभाळायची माझी नोकरी, मी तिला तेच म्हणते) एकोणनव्वद वर्षांची, वॉकरवर चालणारी, आणि त्या रात्री तिला चपलेशिवाय उठायचंच नव्हतं. एक सापडली, दुसरी पलंगाखाली. मी चक्क मराठीत ओरडले, ऊठ की म्हातारे, मरायचंय का, आणि दंड धरून ओढत नेलं. शब्द तिला काय कळणार, पण तोंड कळलं असणार. सकाळी ती सगळं विसरलेली, नेहमीसारखी हसली, पण आंघोळीला हात धरायला गेले की हात आखडून घ्यायची. दंडावर निळा डाग. आठ दिवस रोज आंघोळ घालताना तो बघत होते मी.

शनिवारी बस बंद असते, म्हणून शेरूतने (आपली काळीपिवळी समज) याफोला सेंट अँथनी चर्चला गेले आणि कन्फेशन केलं. मला वाटलं फादर म्हणतील घाबरली होतीस, होतं असं. ते म्हणाले मोशेचं वाच. बायबलात गणना १२ मध्ये मोशे पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा नम्र असं लिहिलंय, आणि हाच माणूस तरुणपणी एका मिसऱ्याला (मिसर म्हणजे इजिप्त) मारून वाळूत पुरणारा. म्हणजे जन्मजात थंड बिंड काही नव्हता. त्या कुरकुऱ्या इस्राएली लोकांना चाळीस वर्षं सांभाळलं, आणि मरीबाला लोक पाण्यावरून भांडले तेव्हा डोकं फिरलं, देवाने खडकाशी बोल म्हणून सांगितलेलं तर काठी हाणली, तीही दोनदा. वचनदत्त देशात जायचं राहिलं ते त्या दोन फटक्यांनी. मला आधी हे फार अन्यायाचं वाटायचं, चाळीस वर्षांचं काहीच नाही का. आता तो डाग आठवला की वाटत नाही तितकं.

आपण कॅटेकिझमला (चर्चच्या धर्मवर्गाला) गलतीकरांस पत्रातली ती यादी घोकायचो बघ, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, एका दमात नऊ. सौम्यता पार शेवटाकडे, म्हणून मला ती चिल्लर वाटायची, मावशीसारख्या हळू आवाजाच्या बायकांसाठी. मग मागे आमचा ग्रुप गालीलला गेला होता, धन्यतांच्या डोंगरावर, जिथे येशूने 'धन्य ते' असा उपदेश केला म्हणतात. चर्च अष्टकोनी, आठ धन्यतांसाठी आठ बाजू, खाली समोर सरोवर. घरी आल्यावर सव्ताला मोडक्या हिब्रूत सांगितलं, येशू तिथं म्हणाला जे सौम्य ते धन्य, ते पृथ्वीचे वतन भोगतील. ती म्हणाली, हे आमचं आहे! तेहिलीममधलं (स्तोत्रं गं, ३७वं), आणि तोंडपाठ म्हणून दाखवलं, अनावीम यिर्शू आरेत्झ. सकाळचा नाश्ता आठवत नाही बाईला. आणि अनाव (म्हणजे सौम्य, नम्र) हाच शब्द मोशेसाठी पण आहे, हेही तिनेच सांगितलं, बोटं जुळवून वर हलवत. तो हात इथे सगळे करतात, बसवाला, भाजीवाला, आणि म्हणतात सावलानूत, धीर धर. रांगेत मात्र धीर कुणालाच नाही हो! त्या शब्दाचं मूळ ओझं वाहण्याचं, साबाल म्हणजे हमाल. हमाली म्हणल्यावर मला लगेच पटलं.

पण खरं सांगू का, इथे मला हमालीचा पगार मिळतो. ड्युटी म्हणून मी सव्ताला विसाव्यांदा तेच उत्तर देते, आणि आईजवळ होते तेव्हा गॅस दोनदा चालू ठेवला म्हणून किती खेकसायचे ते तू पाहिलंयस. तू बिनपगारी करतेस, सुट्टीशिवाय, वर शाळेची नोकरी. तेव्हा मला मोठं करू नकोस.

या महिन्यापासून तीन हजार जास्त पाठवतेय, शेजारच्या काकूंना दुपारी दोन तास बसायला सांग, तेवढी तू झोप. नाही म्हणू नकोस, झोप नसली की मी पण ओरडते. आईला मागून हाक मारू नको, समोर येऊन हात धरून बोल. हरेगावच्या यात्रेला सप्टेंबरात यायचं बघतेय, रजेचं अजून पक्कं नाही, तिला आत्ताच सांगू नको, रोज विचारत बसेल.

आणि अण्णांचं विचारलं तर गेले असं सांगू नको आणि आले असंही नको, विचार की अण्णांना काय करायचं गं जेवायला. ती पिठलं म्हणेल बघ, आणि पिठल्यावर सुरू झाली की थांबत नाही. तेही जमलं नाही तर व्हिडिओ कॉल लाव. तुझे सात म्हणजे माझे साडेचार, सव्ता तेव्हा झोपलेली असते, मी बोलते आईशी.

तुझी,
ताई